गोठलेल्या कांडीची परीक्षा

सस्तन प्राण्यांमधलं पहिलं नीट नोंदलेलं कृत्रिम रेतन झालं ते कुत्रीवर. इटलीतले धर्मगुरू आणि निसर्गशास्त्रज्ञ लाझ्झारो स्पालान्झानी यांनी 1780 च्या सुमारास एका कुत्रीला माजावर येण्याआधीच कोंडून ठेवलं. ती माजावर आल्यावर त्यांनी कोमट ठेवलेल्या पिचकारीतून तिच्या गर्भाशयात वीर्य सोडलं आणि 62 दिवसांनी तिला तीन पिल्लं झाली. पुढे वीर्य गोठवण्याचं शास्त्र आलं तेव्हा मात्र कुत्रा मागे राहिला. ग्लिसरॉल घातलं तर कोंबड्याचे शुक्रजंतू गोठूनही जगतात, हे 1949 साली लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी दाखवलं. थोड्याच वर्षांत गोठवलेल्या वीर्यापासून वासरं होऊ लागली. कुत्र्याची पिल्लं व्हायला 1969 उजाडलं. ते काम अमेरिकेत स्टीफन सीगर यांनी केलं. दुभत्या जनावराच्या पाठीशी सरकारं आणि दूध संघ उभे राहिले. कुत्र्याच्या पाठीशी होते हौशी मालक, पोलिसांची पथकं आणि अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्था. त्यामुळे वीर्य भरून गोठवलेल्या कांडीतून पिल्लं होतील का, हे सांगू पाहणाऱ्या चाचण्या आज खूप आहेत, पण त्या चाचण्या खऱ्या ठरतात का हे पडताळायला लागणारी नोंद तुटपुंजी आहे.

या प्रश्नावर एका घरात दोन मतं आहेत. मामांनी नोकरीची सगळी वर्षं वळूंच्या गोठित रेत केंद्रात काढली. भाची पशुवैद्यक आहे आणि कुत्र्यांच्या प्रजननाचंच काम करते. दोघांना सूक्ष्मदर्शकाची सवय आहे, पण त्यातून दिसलेल्या गोष्टीवर किती विसंबायचं यावर त्यांचं जमत नाही. माझा कल भाचीकडे आहे. तरी मामांचे प्रश्न मला बाजूला ठेवता येत नाहीत, म्हणून दोघांचं बोलणं इथे मांडतो आहे.

भाची : मामा, तुमच्या केंद्रात वळूची कांडी पास झाली असं तुम्ही कधी म्हणायचात?

मामा : त्यात काही गूढ नव्हतं गं. पाव मिलिलिटरची कांडी, तिच्यात दोन कोटी शुक्रजंतू. वितळवल्यावर निदान निम्मे सरळ पुढे पळताना दिसले पाहिजेत. 50 टक्क्यांच्या खाली आली की त्या वेळचा सगळा माल बाद. पण ही झाली दारावरची तपासणी. खरा निकाल गावातून यायचा. एका वळूच्या कांड्या हजारो गाईंना जायच्या आणि त्यातल्या किती गाभण राहिल्या याची नोंद परत यायची. दोन वळू काचेखाली अगदी सारखे दिसायचे, पण गाईंमध्ये एक पुढे निघून जायचा आणि दुसरा मागे पडायचा. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की वीर्याची परीक्षा मादीच्या पोटात होते. काचेवर होते ती पूर्वपरीक्षा.

भाची : तुमच्याकडे हजारो गाई होत्या. माझ्याकडे येणाऱ्या कुत्र्याचं वीर्य त्याच्या आख्ख्या आयुष्यात दहा-पंधरा माद्यांना दिलं गेलं तरी खूप झालं. मादी माजावर येणार साधारण सहा-सात महिन्यांनी एकदा. गावातून निकाल येईपर्यंत कांड्या संपलेल्या असतात, कधी कुत्राही गेलेला असतो. निकालाची वाट बघायची सोयच नाही, म्हणून मला पेशीकडे बघावं लागतं.

मामा : बरं, मग बघ. काय दिसतं?

भाची : आधी आकडे. वळूच्या एका वेळच्या वीर्यातून तुम्ही शेकडो कांड्या भरता. मोठ्या जातीच्या कुत्र्याकडून मला पाच-सहा डोस मिळतात, छोट्या जातीकडून एखादा. आम्ही अर्ध्या मिलिलिटरची कांडी वापरतो आणि साधारण 10 कोटी शुक्रजंतू भरतो. वितळवल्यावर निम्मे चालले तर 5 कोटी. एका रेतनाला निदान 10 कोटी चालते शुक्रजंतू गर्भाशयात पडावेत असा आमच्यात सर्वमान्य अंदाज आहे. म्हणजे एका डोसला दोन कांड्या लागल्या. वळूच्या डोसात तुमचे एक कोटी चालते असतात, माझ्या डोसात दहापट.

मामा : आणि दुसऱ्या प्रयोगशाळेनं कांडीत पाचच कोटी भरले असले तर?

भाची : तर चार लागतील. मालकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. विक्रीच्या कागदावर ‘दोन कांड्या’ असं लिहिलेलं असतं. कांडीत किती, वितळवल्यावर किती टक्के चालते, हे लिहिलेलंच नसतं. कांड्या मोजून काही कळत नाही. गुणाकार करून जो आकडा येतो त्याला अर्थ आहे.

इथे मामांनी मान हलवली. या एका गोष्टीवर दोघांचं पूर्ण एकमत आहे, आणि माझ्या मते परदेशातून किंवा इथल्याच कुणाकडून कुत्र्याचं गोठित वीर्य घेणाऱ्यानं बाकी काही समजून घेतलं नाही तरी हा गुणाकार समजून घ्यावा. पुढची सगळी चर्चा त्या आकड्याच्या पलीकडची आहे.

मामा : टक्के कोण ठरवतं पण? माझ्या खात्यात दोन अनुभवी माणसं एकाच स्लाइडला एक 50 म्हणायचा, एक 65. स्लाइड गार असली तर चांगलं वीर्यही मेल्यासारखं दिसायचं.

भाची : म्हणून स्लाइड आणि वरची काच 37 अंशाला ठेवायची. कांडी 37 अंशाच्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, नाहीतर 70 अंशाच्या पाण्यात फक्त आठ सेकंद. तिथे नवव्या, दहाव्या सेकंदालाही महत्त्व आहे. आणि डोळ्यावर विसंबायचं नसेल तर संगणकाला जोडलेली सूक्ष्मदर्शकं आहेत. एकेका शुक्रजंतूची वाट, वेग, डोकं किती डुलतं, सगळं ते मोजतात.

मामा : आणि गोठवताना वीर्यात घातलेल्या अंड्याच्या बलकाचे कण? त्यांनाही शुक्रजंतू समजतात ना?

भाची : समजतात, खरं आहे. बलकाचे गोल कण डोक्याएवढे दिसतात आणि यंत्र त्यांना न हलणारे शुक्रजंतू म्हणून मोजतं. मग टक्का उगाचच खाली येतो. त्यावर उपाय म्हणून डीएनएला चिकटणारा चमकता रंग घालतात. रंग लागला तो शुक्रजंतू, बाकीचं यंत्रानं सोडून द्यायचं. पण प्रत्येक प्रयोगशाळेचं यंत्र वेगळ्या मापावर बसवलेलं असतं. म्हणून दोन ठिकाणचे टक्के शेजारी ठेवून तुलना करू नये हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

मामा : माझं म्हणणं त्याहून पुढचं आहे. शेतकरी पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. चार-पाच दिवसांनी किती उगवले ते मोजतो. ती परीक्षा खरी, कारण दाण्याला जे करायचं आहे तेच तो गोणपाटात करून दाखवतो. शुक्रजंतूला करायचं आहे बीज फळवण्याचं काम, आणि तू मोजतेस त्याचं पळणं.

भाची : हेच मी उलट बाजूनं म्हणते, मामा. पळणं एकटं पुरत नाही, म्हणून बाकीचं बघायचं. गोठताना शुक्रजंतूला काय काय सोसावं लागतं बघा. आधी शरीराच्या तापमानापासून चार-पाच अंशांपर्यंत उतरताना आवरणातली चरबी घट्ट होते. मग बाहेरच्या पाण्याचा बर्फ होतो, उरलेलं द्रावण खारट होत जातं आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. आत बर्फाचे स्फटिक झाले तर पेशी फुटली. वितळताना हेच सगळं उलट्या दिशेनं. यातून वाचलेला शुक्रजंतू शेपूट हलवत असतो, पण त्याचं आवरण विरलेलं असू शकतं. डोक्यावरची टोपी, ज्यातल्या रसायनांनी तो बीजाचं कवच भेदतो, ती आधीच गळून पडलेली असू शकते. असा शुक्रजंतू पळतो, पण बीजाशी पोचून उपयोग नाही.

मामा : ते कसं कळतं?

भाची : रंगांनी. सायबर-14 जिवंत पेशीला हिरवं करतो, प्रोपिडियम आयोडाइड फक्त फाटलेल्या आवरणातून आत शिरतो आणि लाल करतो. भुईमुगापासून काढलेलं एक प्रथिन असतं, त्याला चमकता रंग जोडला की टोपीची अवस्था दिसते. मीठ कमी असलेल्या पाण्यात टाकलं तर धड आवरणाचा शुक्रजंतू फुगतो आणि त्याची शेपटी वळते. ही चाचणी कुठल्याही साध्या दवाखान्यात करता येते. डीएनए किती विस्कळीत आहे तेही अॅक्रिडिन ऑरेंजनं मोजता येतं.

मामा : आणि माझ्या मते या सगळ्यांत महत्त्वाची चाचणी तू विसरलीस. तासभर थांबणं.

भाची : विसरले नाही, शेवटी ठेवली होती. वितळवलेलं वीर्य 37 अंशाला ठेवायचं आणि तासातासानं बघायचं. स्वीडनमधल्या उप्सालाच्या मंडळींचं काम इथे फार मोलाचं आहे. त्यांनी बलकाच्या द्रावणात एक्वेक्स नावाचा साबणासारखा पदार्थ घातला आणि वितळल्यावर शुक्रजंतू किती काळ तग धरतात ते पाहिलं. पदार्थ घातलेल्या वीर्याचे शुक्रजंतू जास्त तास टिकले. सुरुवातीच्या मिनिटालाच अहवाल लिहून टाकला तर टिकण्यातला असा फरक निसटून जातो.

ही थांबण्याची चाचणी स्वस्त आहे आणि म्हणूनच बहुधा ती कुणी विकत नाही. अहवालात वितळवल्या-वितळवल्याचा आकडा ठळक असतो. दोन तासांनंतरचा आकडा मी क्वचित पाहिला आहे. तो का हवा, हे कुत्रीच्या शरीराकडे पाहिल्याशिवाय समजत नाही. तिथे मामा गाईचे अनुभव घेऊन उतरले आणि भाचीनं त्यांना थांबवलं.

मामा : गाईत आम्ही सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरायचो, संध्याकाळी दिसला की सकाळी. बीज सुटतं तेव्हा तयार असतं.

भाची : कुत्रीचं तसं नाही. तिचं बीज सुटतं तेव्हा कच्चं असतं. बीजवाहिनीत पोचल्यावर ते पिकायला आणखी दोन-तीन दिवस लागतात, आणि पिकल्यावर दोन-तीन दिवस टिकतं. ताज्या वीर्याला याचा त्रास नाही, कारण कुत्र्याचा ताजा शुक्रजंतू मादीच्या पोटात पाच-सात दिवस जगतो. वितळवलेला जेमतेम 12 ते 24 तास. गोठण्याच्या धक्क्यानं त्यातल्या बऱ्याच जणांची शेवटच्या टप्प्याची तयारी आधीच होऊन गेलेली असते. जी अवस्था बीजाजवळ पोचल्यावर यायची ती कांडीतच येते, आणि त्यानंतर त्यांच्याकडे वेळ उरत नाही. म्हणून रक्तातलं प्रोजेस्टेरॉन दिवसाआड बघायचं. मिलिलिटरला 2 नॅनोग्रॅमच्या आसपास आलं की बीज सोडवणाऱ्या संप्रेरकाची उसळी, 5 च्या आसपास बीज सुटलं, आणि तिथून दोन-तीन दिवसांनी रेतन. एक दिवस चुकला तर उत्तमातली उत्तम कांडी वाया जाऊ शकते.

मामा : मग तूच सांग, कुत्री रिकामी राहिली तर दोष कांडीचा का तारखेचा?

भाची : एका कुत्रीवरून सांगता येत नाही.

मामा : दहा कुत्र्यांवरून?

भाची इथे थोडी अडली. अडण्यासारखंच आहे, कारण दहाचा आकडा ऐकायला भक्कम वाटतो आणि प्रत्यक्षात तो फार कमी सांगतो. हिशेब करून बघू. समजा एका कुत्र्याच्या वीर्याची खरी कुवत 70 टक्के माद्या गाभण राहाव्यात एवढी आहे. दहा माद्यांना दिलं तर सात राहाव्यात, पण निव्वळ योगायोगानं पाचपासून नऊपर्यंत काहीही आकडा आला तरी नवल नाही. आता दुसरा कुत्रा घ्या, खरी कुवत 50 टक्के. त्याच्याही दहापैकी सात किंवा जास्त माद्या राहण्याची शक्यता साधारण सहांत एक आहे. म्हणजे दहापैकी सात हा निकाल दोन्ही कुत्र्यांना शोभतो. आणि 60 टक्क्यांच्या चांगल्या कुत्र्याच्या पहिल्या दोन्ही माद्या रिकाम्या जाण्याची शक्यताही सहांत एकच्या आसपास. दोन अपयशं पाहून ‘याच्या वीर्यात दम नाही’ असं म्हणणारा मालक आणि दोन यशं पाहून ‘हमखास’ असं म्हणणारा विक्रेता, दोघेही सारखेच घाईत असतात.

हाच हिशेब चाचण्यांनाही लागू पडतो. टोपीची चाचणी पिल्लांचं भाकीत करते का, आवरणाची चाचणी करते का, हे ठरवायला प्रत्येक चाचणीसमोर शेकडो माद्यांचा निकाल हवा, आणि त्या माद्यांमध्ये वय, तारीख, वीर्य कुठे सोडलं हे सगळं सारखं हवं. कुत्र्यांमध्ये एवढी सारखी नोंद एका ठिकाणी फार थोडी जमली आहे. त्यामुळे बऱ्याच चाचण्या जीवशास्त्र म्हणून पटतात आणि भाकीत म्हणून लंगड्या पडतात.

मामा : मग या चाचण्या घेऊन तू मालकाला काय सांगतेस? अहवालावर वीस रकाने बघितले की त्याला वाटतं पिल्लं ठरलीच.

भाची : मी होकार देत नाही, फक्त नकार देऊ शकते. आवरणं फाटलेली, टोप्या गळलेल्या, दोन तासांत सगळं थंड, असं वीर्य असेल तर मी ठामपणे सांगते की यावर पैसे आणि मादीचा एक माज घालवू नका. चांगला अहवाल आला तर एवढंच म्हणते की इथे अडण्यासारखं काही दिसलं नाही.

मामा : नकारही जपून दे. आमच्या शास्त्रात साकी यांनी एक भेद मांडला होता. काही दोष संख्या वाढवून भरून निघतात. कमी पळतात? जास्त घाला. आवरणं फाटलीत? जास्त घाला. शेवटी धड असलेले पुरेसे पोचले की झालं. काही दोष मात्र कितीही संख्या घातली तरी भरत नाहीत. शुक्रजंतू पोचतो, बीजात शिरतो, पण आतला डीएनएच बिघडलेला असतो, आणि गर्भ काही दिवसांत विरतो. तुझ्या वीस रकान्यांत हे दोन वेगळे लिहिलेले असतात का?

भाची : नसतात, आणि असायला हवेत. कुत्रीत तर हे जास्तच गरजेचं आहे. गाईत निकाल एकतर हो किंवा नाही. कुत्रीत निकाल म्हणजे पिल्लांची संख्या. आठऐवजी तीन झाली तर ते अर्धं अपयश असतं, आणि ते कशामुळे झालं हे संख्येत लपतं. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास सोनोग्राफीत सहा पिशव्या दिसतात आणि वेताला चार पिल्लं येतात, असंही होतं.

मामा : मग बीजाबरोबरच परीक्षा घ्या ना सरळ. गाईच्या बाबतीत कत्तलखान्यातून अंडाशय आणून, काचेच्या भांड्यात बीज फळवून वळूचं वीर्य तपासतात.

भाची : कुत्रीचं बीज भांड्यात पिकवणंच कठीण. कॉर्नेल विद्यापीठात भांड्यात फळवलेल्या गर्भांपासून कुत्र्याची पहिली पिल्लं झाली ती 2015 साली, सात पिल्लं. माणसांत हे 1978 ला झालं होतं. तिथे दोन गोष्टी सापडल्या: बीज बीजवाहिनीत एक दिवस जास्त राहू द्यावं लागतं, आणि द्रावणात मॅग्नेशियम लागतं, तेव्हा कुठे शुक्रजंतू तयार होतो. रोजच्या तपासणीत हे बसणार नाही. बीजाच्या कवचाला शुक्रजंतू किती चिकटतात एवढं बघता येतं. नसबंदीच्या वेळी काढलेल्या अंडाशयांतून बीजं मिळतात. पण दोन बीजांत इतका फरक असतो की आकडा डळमळीत राहतो.

मामा : मला एक सांगावंसं वाटतं. आमच्याकडे दोन वळूंचं वीर्य सारख्या संख्येनं मिसळून त्याच गाईंना द्यायचे आणि वासरं कुणाची निघाली ते मोजायचे. गाय तीच, तारीख तीच, हात तोच. वीर्यावीर्यातला फरक तेवढा उरतो. कुत्रीला तर एका वेताला सहा-आठ पिल्लं. प्रत्येक पिल्लू एक मत.

भाची : मामा, हे खरंच करता येईल. अमेरिकन केनेल क्लब डीएनए तपासून दोन बापांचं वेत नोंदवूनही घेतो. दोन वेगवेगळ्या द्रावणांत गोठवलेलं वीर्य, दोन कुत्रे, एक मादी, सात पिल्लं. दहा वेतांत साठ-सत्तर पिल्लांची मतं मिळतील. एका कुत्र्याची खरी कुवत किती हे त्यातून कळणार नाही, पण कोणती चाचणी दोघांतला सरस आधी ओळखते हे कळेल.

या सूचनेवर मी फार वेळ विचार केला. ज्या क्षेत्रात माद्या कमी पण पिल्लं अनेक, तिथे पिल्लाला मोजणीचं माप करणं हा मला सगळ्यांत शहाणा मार्ग वाटतो. कामाच्या कुत्र्यांची पैदास करणाऱ्या संस्थांकडे माद्याही आहेत, नोंदवह्याही आहेत आणि बापाच्या नावाबद्दल हौशी मालकांसारखा आग्रहही नाही. त्यांनी ठरवलं तर काही वर्षांत या चाचण्यांपैकी कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्या सोडायच्या हे स्पष्ट होईल.

त्यानंतर बोलणं जिथे गेलं तिथे दोघांमधला खरा मतभेद होता.

भाची : माझ्याकडे एक प्रकरण आहे. कारवान जातीचा कुत्रा, मराठवाड्यातला, उत्तम अंगाचा आणि जुन्या रक्ताचा. कुत्रा गेला. चार कांड्या आहेत. प्रत्येकीत 10 कोटी, आणि गोठवल्या दिवशी एक कांडी वितळवून पाहिली होती तेव्हा 25 टक्के चालते.

मामा : आमच्याकडे त्या दिवशीच गटारात गेल्या असत्या.

भाची : तुमच्याकडे दुसरा वळू होता. दर पिढीला नवे वळू निवडून येतात, त्यामुळे 50 ची रेघ ओढणं तुम्हाला परवडतं. या कुत्र्याच्या जागी दुसरा कुत्रा नाही. मोजक्या कुटुंबांकडे उरलेल्या जातीत एक जुनं रक्त गेलं की ते परत येत नाही. अमेरिकेत मेक्सिकन लांडग्याच्या बाबतीत हेच केलं. वर्षानुवर्षं वीर्य गोठवून ठेवलं, आणि 2017 च्या एप्रिलमध्ये सेंट लुईसजवळच्या केंद्रात त्यातून पिल्लू जन्मलं.

मामा : लांडगीला निवड नव्हती. तुझ्या कुत्रीला भूल देऊन, पोट उघडून अशक्त वीर्य सोडायचं, ते मला पटत नाही. नॉर्वे-स्वीडनमध्ये शस्त्रक्रियेनं रेतन करूच देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

भाची : पोट उघडायचं नाही. दुर्बिणीनं गर्भाशयाच्या तोंडातून नळी घालता येते. मादी उभी असते, बहुतेक वेळा भूलही लागत नाही. योनीत सोडलं तर गोठवलेलं वीर्य फार कमी लागू पडतं, म्हणून गर्भाशयात पोचणं भाग आहे.

मामा : बरं. कांड्या किती जुन्या?

भाची : काही वर्षांच्या. पण वय मला अडवत नाही. उणे 196 अंशाला वेळ जवळपास थांबलेलाच असतो. सिडनीला 1968 सालचं मेंढ्याचं वीर्य 2019 मध्ये वितळवलं तर 56 पैकी 34 मेंढ्या गाभण राहिल्या. कांडी बिघडते ती टाकीच्या तोंडाशी. शोधताना वर काढून धरली, पुन्हा आत सोडली, नायट्रोजन कमी होऊ दिला, असं काही झालं की. आणि ते कुठल्याच अहवालात येत नाही.

मामा : मग आज एक वितळवून बघ. आधी खात्री, मग मादी.

भाची : हिशेब करा मामा. चार कांड्या, 10 कोटी, पाव चालते. सगळ्या मिळून 10 कोटी. बरोबर एक डोस, एक थेंबही जास्त नाही. एक चाचणीत गेली की साडेसात कोटी उरले. खात्री करण्यातच डोस मोडतो.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. वळूच्या कांड्यांत असा पेच येतच नाही. शेकड्यातली एक फोडून पाहिली तर काय बिघडतं? मला वाटतं, कुत्र्याच्या वीर्याच्या परीक्षेचा सगळा गाभा या चार कांड्यांत आहे. जिथे वीर्य भरपूर आहे तिथे चाचणी स्वस्त असते, आणि जिथे चाचणीची सर्वांत जास्त गरज आहे तिथे ती करायला पुरेसं वीर्य नसतं.

मामा : तर मग फोडू नकोस. पण दोन-दोन करून दोन माजांवरही वाटू नकोस. अर्ध्या डोसाचे दोन प्रयत्न म्हणजे दोन्ही वाया. चारही एकाच दिवशी.

भाची : तेच ठरवलं आहे. योग्य दिवशी चारही वितळवायच्या, एक थेंब बाजूला काढून 37 अंशाला ठेवायचा आणि रेतन झाल्यावर दोन तास बघत राहायचं. त्या थेंबात काय दिसलं आणि पुढे सोनोग्राफीत काय दिसलं, दोन्ही एकाच पानावर लिहायचं. रिकामी राहिली तरी.

मामा : आणि मादी कोणती? मालकाची स्वतःची आहे ना, सात वर्षांची?

भाची : हो. त्याला तिच्याच पोटी पिल्लं हवी आहेत.

मामा : एकदाही व्यायलेली नाही म्हणालीस. तू वीस रकाने तपासतेस आणि शेवटी असं वीर्य अशा कुशीत घालणार? तीन-चार वर्षांची, दोनदा व्यायलेली, ब्रुसेला रोगाची तपासणी झालेली कारवान मादी शोध. जातीचं रक्त टिकवायचं असेल तर कुणाच्या अंगणात पिल्लं झाली याला महत्त्व नाही.

भाची : मालक ऐकणार नाही, मामा.

मामा : त्याच्यासमोर तोच गुणाकार मांड जो माझ्यासमोर मांडलास. 10 कोटी, एक डोस, एकच माज. मग विचार की यातला कुठला आकडा तुम्हाला आणखी कमी करायचा आहे.

भाची : सोमवारी येणार आहे तो. सांगून बघते. दरम्यान तुमच्या ओळखीत लातूरकडे कुणाकडे अशी मादी आहे का, ते तेवढं विचारा.